तळहातावरचं वृंदावन

रविवार, रात्री साडेअकरा

आज परत मोजले. डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर पाच ठिपके गोंदवून घेतले होते, त्यातले अडीच उरलेत. अर्धा म्हणजे अंगठ्यावरचा. त्याची कड आहे, मधलं गेलं. तळहातावरच्या तुळशी वृंदावनाची तर दशा विचारू नये. एक पायरी गायब, तुळशीची एकच फांदी शिल्लक, आणि मधली उभी रेघ टीपकागदावर शाई फुटावी तशी पसरलेली. अवघे सात महिने झालेत.

पहिल्या स्टुडिओतल्या मुलाने सरळ नाही म्हटलं होतं, हे इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी सगळं खापर दुसऱ्यावर फोडून मोकळी होईन. "ताई, मनगटावर करा, दंडावर करा. तळहाताची आणि बोटांच्या टोकांची मी गॅरंटी देत नाही, म्हणून करतच नाही." मला वाटलं, भाव खातोय. दुसरीकडे गेले. तिथे कुणी काही विचारलं नाही. १,८०० रुपये, वर एक टच-अप फुकट.

तळहातच का, याचं खरं कारण सांगायला जरा लाज वाटते. मूठ मिटली की दिसत नाही, म्हणून. हौस तर भागवायची, पण ऑफिसात कुणी "हे काय नवीन?" विचारायला नको. नक्षी मात्र आजीची. तिच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, वृंदावन आहे. लग्नाच्या आदल्या वर्षी म्हसवडच्या जत्रेत गोंदलेलं. काजळी कालवलेली वाटी, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन सुया आणि गाणं म्हणणारी गोंदणारीण. मोबदला म्हणून पसाभर ज्वारी आणि गुळाचा खडा. आजी अजून तो गुळाचा खडाच आधी सांगते, मग सुया.

माझ्या वेळी गाणं नव्हतं, मशीनची घरघर होती. या मशीनचा पूर्वज म्हणजे एडिसनचं विजेवर चालणारं पेन, १८७६ सालचं. ते कागदाला बारीक भोकं पाडायचं, ऑफिसच्या कागदांच्या प्रती काढण्यासाठी. पुढे १८९१ मध्ये न्यू यॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने त्याच धर्तीवर गोंदायच्या मशीनचं पेटंट घेतलं. दिवसभर व्हाउचरांच्या प्रती काढणाऱ्या माझ्यासारखीला ही माहिती भारी आवडली होती. सुई मधल्या बोटाच्या टोकाला लागली तेव्हा ती माहिती काही कामाला आली नाही. बोटांच्या टोकांत संवेदनेच्या नसा किती दाटीवाटीने असतात, ते पुस्तकात वाचायची गरज उरली नाही. कळ थेट कोपरापर्यंत गेली. तळहाताच्या मधोमध त्यामानाने बरं होतं, पण मनगटाकडे सुई सरकली की पायाची बोटं आपोआप आवळली जायची.

मग खपल्या. दोन आठवडे कणीक नाही, भांडी नाही, लादी नाही. नवऱ्याने पहिल्यांदा पोळ्या केल्या, त्यावर वेगळं लिहावं लागेल. ऑफिसच्या हजेरीच्या मशीनवर माझं बोट डाव्या तर्जनीचं नोंदवलेलं. ते घेईना. तीनदा ठेवलं, तिन्ही वेळा लाल दिवा. एचआरच्या मॅडमनी "हात दाखवा" म्हटलं आणि सगळी लपवाछपवी चौथ्या दिवशीच संपली. खपली गेल्यावर मशीनने गुपचूप ओळखलं. बोटाच्या रेषांचा साचा खालच्या थरात असतो, वरची कातडी गेली तरी नवी त्याच साच्याची येते.

शाईला मात्र तो साचा नाही. हे सगळं मी गोंदल्यानंतर वाचत बसले, आधी नाही. (लग्न झाल्यावर पत्रिका बघण्यातला प्रकार.) कातडीचा वरचा थर पापणीवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका पातळ, तर तळहात-तळपायांवर तो दीड मिलिमीटरपर्यंत जाड असू शकतो. शाई टिकायची तर ती हा थर ओलांडून खाली पोचायला हवी. वरच राहिली तर कातडीच्या झडणाऱ्या कणांबरोबर महिन्याभरात निघून जाते. आणि गोंदणाऱ्याने जास्त दाबलं, तर खाली पसरते. माझी उभी रेघ पसरली, पायरी झडली. म्हणजे एकाच हातावर दोन्ही चुका. शिवाय तळहात म्हणजे सतत घाम आणि घासणं: बसचा दांडा, खराटा, स्कूटरची मूठ.

आणि गंमत म्हणजे याच हातावर मेंदी सगळ्यात गडद चढते. मेंदीचा रंग कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला धरतो, आणि या जाड थरात केराटिनच केराटिन. माझ्या लग्नात कोपराकडची मेंदी फिकी नारिंगी आणि तळहात कॉफीसारखा काळपट, तेव्हा सासूच्या प्रेमाचा हिशोब लावत सगळ्या हसल्या होत्या. जो थर मेंदीला गडद करतो, तोच शाईला खाली जाऊ देत नाही. फुकटच्या टच-अपला मी गेले नाही. पुन्हा ते बोटाचं टोक... नको.

काल गावी गेले होते. आजीबरोबर रेशनच्या दुकानात. तिचा अंगठा मशीन घेईना. दुकानदाराने ओल्या फडक्याने पुसून पाहिला, मग कोरड्या. खुरपं, जातं, चुलीतली राख यांत झिजलेला हात. अंगठ्याच्या रेषा जवळपास सपाट. मग दुसरा अंगठा, मग एकेक बोट. मागे रांगेत कुणीतरी पिशवी आपटली. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेला मशीन "टुंग" म्हणालं.

तांदूळ मोजून होईपर्यंत आजीने माझा हात ओढून उलटा केला. तिला मी अजून दाखवलं नव्हतं.

"आगं बया! आतल्या अंगानं कुणी गोंदतं व्हय? भाकरी थापायची, भांडी घासायची. तितं काय ऱ्हातंय?"

म्हणजे स्टुडिओतल्या त्या मुलाला आणि माझ्या आजीला जे माहीत होतं, ते बी.कॉम. झालेल्या मला नव्हतं. मी तिचा हात माझ्या हाताशेजारी धरला. साठ-पासष्ट वर्षांचं वृंदावन, हिरवट-निळं झालेलं, सुरकुत्यांमुळे जरासं वाकडं, पण पाचही पायऱ्या मोजता येतात. माझ्याकडे चार, तीही सांगितल्यावर दिसतील अशा.

तिने पदराचं टोक जिभेला लावलं आणि माझ्या मधल्या बोटावरचा ठिपका घासायला लागली, लहानपणी गालावरचं काजळ पुसायची तशी. बराच वेळ घासला. मग चष्मा वर करून बघितलं.

"ह्यो नाय निघत," म्हणाली, आणि पिशवीचा एक कान माझ्या हातात दिला.