आतला स्वेटर

जुलैतल्या एका दुपारी रेनकोट काढायला खुंटीपाशी गेलो, तर त्याच्याखाली जानेवारीतली कानटोपी आणि तिच्याखाली एप्रिलमध्ये डोक्याला गुंडाळलेला पंचा निघाला. एका खुंटीवर तिन्ही ऋतू लटकलेले पाहून बेळगावच्या माणसाला आश्चर्य वाटत नाही. सुमारे २५०० फूट उंचीवरच्या या गावात सकाळी अंगावर असलेले निम्मे कपडे दुपारी हातावर येतात आणि सूर्य कलला की पुन्हा अंगावर चढतात.

माझी अडचण अशी, की माझा बिनबाह्यांचा स्वेटर शर्टाच्या आत असतो. याला कारण आई. शाळेला निघताना ती बनियन, शर्ट, स्वेटर आणि पावसाळा असला तर वरून रेनकोट असा बंदोबस्त करून मला घराबाहेर सोडीत असे. मधल्या सुट्टीत ऊन पडे, स्वेटर मैदानाच्या कुंपणावर जाई आणि तिथेच राही. एकाच वर्षात दोन स्वेटर असे गेल्यावर, तिसरा विणून झाला त्या दिवशी ती म्हणाली, "हा आत घाल. हरवायचा असला तर शर्टासकट हरवून ये की!" तो हरवला नाही, आणि सवयही गेली नाही.

जांबोटीकडच्या आमच्या आज्जांना मात्र एकावर एक कपडे चढवणे हा प्रकारच ठाऊक नव्हता. त्यांचे एकच काळे धनगरी घोंगडे होते. पावसात त्याची खोळ करून ते डोक्यावर घेत, थंडीत पांघरीत, पाहुणे आले की अंथरीत. त्या जाड लोकरीवरून पाणी बराच वेळ नुसते ओघळत राही, आणि भिजलेच, तरी त्याची ऊब जात नसे. संध्याकाळी ते चुलीजवळ वाळत घातले की घरभर धूर आणि ओल्या मेंढरांचा मिळून एक वास सुटे. तो वास आला, की बाहेर कितीही पाऊस असो, झोप चांगली लागे. एरवी आज्जांच्या खांद्यावरून ते उतरलेले मी फक्त जेवताना पाहिले.

त्याच जुलैत पूर्वेकडच्या अथणीला एका समारंभासाठी जायचे होते. समुद्रावरून आलेले ढग कणकुंबी-जांबोटीच्या रानात आधीच बरेचसे रिते होतात आणि पूर्वेकडे जावे तसा पाऊस विरळ होत जातो, हे मला शाळेपासून पाठ आहे. तरीही घरातून निघताना बाहेर झिमझिम होती, म्हणून स्वेटर घातला, अर्थात आत. चिकोडी मागे पडल्यावर बसमध्ये ऊन आले. रेनकोट काढला, मफलर पिशवीत कोंबला, आणि पुढे काढण्यासारखे काही उरले नाही. चारचौघांत शर्ट काढणे काही जमण्यासारखे नव्हते.

सभागृहात पोचेपर्यंत मी घामाने निथळत होतो. तिथे माझ्या डोक्याला फेटा बांधला, गळ्यात हार घातला आणि खांद्यांवर चांगली जाड शाल पांघरली. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडे निरखून पाहत हळूच कानडीत विचारले, "आराम इल्लेन्री?", म्हणजे बरे नाही का? खरे कारण सांगण्यापेक्षा सोपे म्हणून मी थोडी कणकण असल्याचे सांगितले. तेव्हा ते भले गृहस्थ लगबगीने उठले आणि माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करून आले.