माल उतरला, पण पाणी कुठलं?

एअरशिपवर, म्हणजे हलक्या वायूच्या जोरावर हवेत तरंगणाऱ्या जहाजावर, काम करतो म्हटलं की समोरचा हमखास हिंडेनबर्ग काढतो. ते एअरशिप १९३७ साली जळालं, त्यात हायड्रोजन होता, आमच्यात हेलियम आहे, तो पेटत नाही, हे सांगून जीभ झिजली. आमची झोप उडते ती माल उतरवण्यापायी, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. दोन टन माल घेऊन तोललेलं जहाज माल काढताच दोन टनांनी हलकं होतं आणि वर निघतं. म्हणून जेवढा माल बाहेर, तेवढं पाणी आत. दुर्गम भागात रस्ता नको, धावपट्टी नको, असं जाहिरातीत असतं. पाणी हवं, हे नसतं.

चाचणीच्या दिवशी हीच अदलाबदल करून पाहायची होती. पिंजऱ्यात काँक्रीटचे ठोकळे, नांगराच्या प्रत्येक दोरावर ताण मोजणारा सेन्सर, आणि त्या आकड्यांवरून आपोआप कमीजास्त उघडणारी पाण्याची झडप. ही झडप आमच्या टीमची, आणि ती झकास चालते. जहाज कायम थोडं जडच राहील एवढं पाणी ती घेत राहते.

निम्मे ठोकळे निघाले आणि ढग सरकला. कापडावर ऊन पडलं की आतला वायू तापून फुगतो, पोटातल्या हवेच्या पिशव्या दाबून हवा बाहेर काढतो. आमच्या नऊ हजार घनमीटर हेलियमला बाहेरच्या हवेपेक्षा पाचच अंश जास्त चढले, तरी पावणेदोनशे किलोंच्या वर उचल फुकटात वाढते. नाकाकडच्या दोराचा ताण चढू लागला. झडप पूर्ण उघडी, पण पंपच कमी पडला.

"ठोकळे थांबवा," पायलट मॅडम रेडिओवर म्हणाल्या.

"हेलियम सोडू नका हं!" हे आमचे मॅनेजर. हेलियम महाग, सोडला की गेलाच, हे मान्य. पण दोराला लटकलेली माणसं खाली होती, त्यांचं नाव आधी निघायला हवं होतं. मॅडमनी उत्तर न देता प्रोपेलर वळवले आणि जहाज खाली रेटून धरलं. टाकी भरेपर्यंत तसंच.

अहवालात "यशस्वी" लिहिलंय. पाणी हँगरच्या अग्निशमन लाइनीतून घेतलं होतं, हे त्यात नाही. जिथे जायचं तिथल्या नद्या हिवाळाभर गोठलेल्या असतात. मीटिंगमध्ये विचारलं, तर म्हणे, "ते ग्राहक बघेल." जर्मनीत १६० टनी एअरशिपसाठी ३६० मीटर लांब हँगर बांधलं, २००२ मध्ये कंपनी बुडाली, आता तिथे वॉटरपार्क आहे. पाण्याची सोय झाली ती अशी.

पुढची चाचणी पंपाशिवाय, जागेवर भरलेल्या मातीच्या गोण्यांनी करू, असं मी लेखी दिलंय. मॅनेजरांची हरकत एकच: व्हिडिओत बरं दिसणार नाही.