कुठली वाटी?

आहाराचा तक्ता कुणीही लिहून दिलेला असो, दुपारच्या रकान्यात 'एक वाटी भात' असतोच. लिहिणाऱ्याचं काम तिथे संपतं आणि स्वयंपाकघरातलं सुरू होतं. आमच्याकडे आमटीची खोलगट वाटी आहे, कोशिंबिरीची पसरट आहे, नैवेद्याची चांदीची आहे, आणि रुखवतात आलेल्या सेटमधली तर वाटी कसली, लहानसा वाडगाच. यातली तक्त्यातली कुठली? भात शिगोशीग भरायचा की काठाला सपाट करायचा? दाबून की मोकळा? आणि मुळात ती वाटी तांदळाची की शिजलेल्या भाताची, याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तक्ते हमखास गप्प असतात. सगळा घोळ होतो तो याच शेवटच्या प्रश्नापाशी.

शंभर ग्रॅम कोरडे तांदूळ शिजले की त्यांचा अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो. वाढलेलं वजन सगळं पाण्याचं. त्यामुळे शंभर ग्रॅम तांदळात साधारण ३५० कॅलरी असल्या, तरी शंभर ग्रॅम भातात १३०च्या आसपासच भरतात. माझा भाचा बंगळूरला नोकरी करतो, जिमला जातो आणि खाल्लेल्या घासाघासाची मोबाइलवर नोंद ठेवतो. तो दीडशे ग्रॅम भात काट्यावर तोलायचा आणि यादीतून निवडायचा मात्र 'तांदूळ, कच्चा'. खऱ्या १९५ कॅलरींच्या जागी अ‍ॅप त्याच्या नावावर ५२५ टाकायचं. मग रात्री काकडी. "मावशी, दुपारी भात खाल्ला की माझा दिवसाचा कोटाच संपतो गं," असं रडगाणं फोनवर ऐकल्यावर मी त्याला पडद्याचा फोटो पाठवायला लावला, तेव्हा उलगडा झाला. याच्या उलटही लोक करतात, म्हणजे पन्नास ग्रॅम तांदूळ मोजून घ्यायचे आणि नोंद पन्नास ग्रॅम भाताची करायची. पण ती चूक कुणी फोन करून विचारत नाही. आकडा कमी दिसला की माणूस खुशीत असतो.

त्याच्या राइस कुकरसोबत आलेला प्लास्टिकचा कप हे आणखी एक प्रकरण. पाककृतीतला अमेरिकी कप २४० मिलीचा, आणि कुकरमधला १८० मिलीचा, 'गो' नावाच्या जुन्या जपानी मापावरून आलेला. दोघांनाही कपच म्हणायचं. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं म्हणा! दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, चार शेरांची पायली, हे कोष्टक सगळीकडे एकच. पण पायली गावागणिक लहानमोठी.

आमच्या घरात हा विषय निघाला तो यांची साखर काठावर आली तेव्हा. "भात कमी करा," डॉक्टर म्हणाले. कमी म्हणजे किती, हे विचारायला आम्ही तोंड उघडेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. मग मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वं काढून बसले. दिवसाच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, असं त्यात आहे. आकडा ऐकून यांचा चेहरा खुलला. पाव किलो! मी म्हटलं, थांबा, ही सगळी वजनं कच्च्याची आहेत, आणि धान्यात नुसता तांदूळ नाही, सकाळचे पोहे आणि दोन वेळच्या पोळ्याही आल्या. पन्नास ग्रॅम पोहे आणि चार पोळ्यांची कणीक एकशेदहा-एकशेवीस ग्रॅम धरली, तर तांदळाच्या वाट्याला ऐंशी-नव्वद उरतात. म्हणजे एका वेळेला चाळीस ग्रॅम आणि वर फार तर दोन-चार दाणे. यांचं माहेर नव्हे, पण आजोळ आणि घर दोन्ही राजापूरकडचं. चाळीस ग्रॅम ऐकून त्यांनी पेपर वर धरला.

चाळीस ग्रॅम दिसतात कसे, हे बघायला काटा ओट्यावर आणला. सासूबाई तांदूळ नेहमी मुठीनं काढतात. माणशी एक मूठ, आणि शेवटी एक आल्यागेल्याची. "अहो आई, एकदा इथे टाका ना मूठ," मी म्हटलं. त्यांनी टाकली: ४२. पुन्हा टाकली तरी एखाद्या ग्रॅमचा फरक. माझ्या मुठीत मात्र कधी ३५, कधी ५०. "म्हणजे मी पास?" त्या म्हणाल्या आणि रोवळीकडे वळल्या.

त्या पासच होत्या. गोम होती ती आल्यागेल्याच्या मुठीत. हल्ली फोन न करता कोण येतं? पण मूठ पडते. घरात दहा माणसं होती तेव्हा या एका मुठीनं दहा टक्के भात वाढायचा. आता आम्ही तिघं. तीच मूठ सरळ एकतृतीयांश वाढवते आणि "उरलाय थोडा, संपवून टाका" म्हणत ज्याची साखर काठावर आहे त्याच्याच पानात जाते. ती मूठ घालू नका, असं सासूबाईंना सांगायची माझी छाती नाही, आणि खरं तर इच्छाही नाही. तोड अशी निघाली की भात झाला की पानं घ्यायच्या आधीच चौथा हिस्सा डब्यात काढून गार करून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी पोह्यांऐवजी फोडणीचा भात करायचा. गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च पचायला जड होतो आणि साखर जरा सावकाश चढते, असं म्हणतात ते खरं आहे. पण तो फायदा थोडकाच. फोडणीत तेल आणि शेंगदाणे सढळ पडले की तोही गेला.

शिजलेला भात मोजण्यात राम नाही, असं माझं मत होत चाललंय. नवा इंद्रायणी वाटीत चिकटून घट्ट बसतो, जुना कोलम फुलून मोकळा राहतो. वाटी तीच, वजनं वेगळी. गुरगुट्या भाताचं तर विचारूच नका. एका मुठीचा पातेलंभर होतो, मेतकूट-तूप घातलं की वाडगाभर खाल्ल्याचं समाधान मिळतं आणि पोटात गेलेला तांदूळ निम्माच असतो. (मऊ भातानं साखर लवकर चढते, हा त्यातला खोडा आहेच.)

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ताट ही मोजण्याची जागाच नाही. पंगतीतली वरणभाताची मूद बघा, वाटीनं पाडलेली, नेमकी, कुठल्याही आहारतज्ज्ञाला पसंत पडेल अशी. पण तिच्यामागून मसालेभात येतो, शेवटी ताकभात येतो, आणि वाढणारा प्रत्येक वेळी पानावर ओणवा होऊन "एवढासाच!" म्हणतो. यांच्या ताटाखाली मी एकदा काटा ठेवला, तर सासूबाईंचा भातवाढीचा हात वरच थांबला. "सोनं वाढत्येय का मी?" तेव्हापासून काटा तांदळाच्या डब्याशेजारी. एकदा डब्यातून मोजके तांदूळ निघाले की पुढे हवा तेवढा आग्रह होऊ दे, पातेल्यात जे नाहीच ते कोण वाढणार?

खिचडी किंवा मसालेभात केला की मात्र पातेलं तोलावं लागतं. त्यात डाळ, मटार, वांगी सगळंच, त्यामुळे वाटण्या डोळ्यांनी होत नाहीत. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी ठाऊक असलं, की भरल्या पातेल्यातून ते वजा करायचं आणि उरलेल्याचे भाग करायचे. म्हणून कुकरच्या मोठ्या भांड्यावर मी मार्करनं ४१२ लिहून ठेवलंय, 'चि. सौ. कां. हिस आत्याकडून' या कोरलेल्या अक्षरांच्या खालीच. सासूबाईंनी भांडं घासायला काढताना ते वाचलं.

"हे काय?"

"भांड्याचं वजन, आई."

"मोडीत घालत्येस की काय?"