तुम्ही विचारलंत म्हणून: इम्युनिटी वाढवली की डाग जातील का?

काळा आजार बरा झाल्यावर कातडीवर उमटणाऱ्या डागांबद्दल नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, ओपीडीत रुग्णाबरोबर आलेला भाऊ विचारतो: "मॅडम, इम्युनिटी वाढवली की हे डाग जातील ना?" नाही जाणार. आणि वाढवणार ती नेमकी कोणती, तेही सांगा.

काळा आजार घडवणारा लीशमानिया हा परजीवी राहतो कुठे? ज्यांनी त्याला गिळून संपवायचं त्या मॅक्रोफेज पेशींच्याच पोटात. प्रतिकारशक्तीच्याच टी-पेशींकडून इंटरफेरॉन गॅमा या रसायनाचा निरोप आला की मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड बनवते आणि परजीवी मरतो. इंटरल्यूकिन-१० या दुसऱ्या रसायनाचा निरोप नेमका उलटा: आवरा. काळा आजार बरा झाल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी उमटणारा हा डागांचा आजार, पीकेडीएल, ज्याचं वर्णन डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२२ मध्येच केलं होतं, त्यात त्वचेच्या एकाच तुकड्यात हे दोन्ही निरोप सापडतात. लीशमानियाच्या दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझिलिएन्सिस जातीमुळे होणाऱ्या व्रणात तर परजीवी थोडेच असतात. तिथे आपल्याच सीडी८ टी-पेशी बाधित पेशी फोडतात, इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह वाढवणारं रसायन वाढतं आणि जखम चिघळते. अशा माणसाची इम्युनिटी आणखी वाढवायची?

चिडून बोलते, मान्य आहे. पण धारावीत जरीकाम करणारा बिहारमधल्या दरभंग्याचा तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हनुवटीखाली, छातीवर, पाठीवर फिकट डाग. एका दवाखान्यात कुष्ठरोग म्हणून गोळ्या सुरू केलेल्या. कारखान्याच्या माळ्यावर सगळे कारागीर ओळीनं झोपायचे, याची चटई खाली जिन्यापाशी. सेठनं सांगितलेलं, नीट खात नाहीस, अंगात ताकद नाही, म्हणून हे झालं. त्यानं ते खरं मानलं. गावी पाठवायच्या पैशांतून तो प्रोटीन पावडरचे डबे आणत होता.

डोळे मिटायला सांगून मी कापसाचं टोक एका डागावर टेकवलं. "लगा." दुसऱ्यावर. "लगा." पाठीवर, दंडावर, डागाच्या मधोमध, कडेला, सगळीकडे "लगा." कुष्ठाच्या डागावर संवेदना कमी होते, याची शाबूत होती. लहानपणी लंबा बुखार आला होता का? आला होता, पोट फुगलं होतं, सुया घ्याव्या लागल्या होत्या. म्हणजे काळा आजारच. बायोप्सीच्या पीसीआरमध्ये परजीवी सापडला, परजीवी मारणारं मिल्टेफोसिन हे औषध सुरू झालं, बारा आठवड्यांचं. आजाराचं नाव त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, "मतलब, मैं कमज़ोर नहीं था?"

"नहीं," मी लगेच म्हणाले.

त्या उत्तराशी मी अजून भांडते. त्याला धीर हवा होता आणि तो मी दिला, ते बरोबरच होतं. पण काळा आजार बरा झालेल्यांपैकी काहींनाच डाग का येतात? उपचारानंतर परत येणारी प्रतिकारशक्तीच त्वचेत उरलेल्या परजीवींवर तुटून पडते, असं एक मत आहे. ते खरं असेल तर तो कमजोर नव्हताच. इंटरल्यूकिन-१० नं आवरून धरल्यामुळे परजीवी तगले असतील, तर मात्र माझं "नहीं" अर्धवट ठरतं. बायोप्सी हाती येते ती डाग उमटल्यावर. त्या तुकड्यात दोन्ही निरोप असतात, पण आधी कोणता आला ते त्यावरून कळत नाही.

म्हणून इम्युनिटी वाढवू का विचाराल तर मी नाहीच म्हणेन. त्या मुलाच्या प्रश्नाला मात्र प्रयोगशाळेतून द्यावं असं उत्तर माझ्याकडे अजून नाही.