पाककृतीचा पत्ता

माझ्या आजीच्या पाककृतींच्या दोन वह्या होत्या. पहिली मी कधी पाहिली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या तळमजल्यावरचे स्वयंपाकघर पाण्याखाली गेले, त्यात डब्यांबरोबर ती वहीही गेली. दुसरी वही आजीने पुढच्या दोन-तीन वर्षांत आठवून आठवून लिहिली. ती आज माझ्या टेबलावर आहे आणि गेले वर्षभर मी ती टंकलिखित करीत आहे.

पहिली वही नीटनेटकी होती, असे आजी सांगत असे. तिच्यात डावीकडे जिन्नस, उजवीकडे मापटी-चिपटी आणि खाली दोन ओळींत कृती एवढेच होते. दुसऱ्या वहीत मात्र जवळजवळ प्रत्येक पदार्थाला एक माणूस, एक घर आणि एक प्रसंग चिकटलेला आहे. आजीला लेखनाची हौस होती म्हणून तसे झाले नाही. मेतकुटाचे प्रमाण आठवायचे तर ते कोणाच्या बाळंतपणात केले होते, डाळी कोणी भाजल्या आणि जात्यावर कोण बसले होते, हे आधी आठवावे लागले, आणि जे आठवले ते तिने तसेच लिहून ठेवले.

त्या मेतकुटाचीच नोंद पाहा. हरभऱ्याची डाळ एक वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडदाची डाळ पाव वाटी, गहू मूठभर, मग धने, जिरे, मोहरी, मेथ्या, सुंठ, हळद, हिंग. इथवर कोणतेही पुस्तक सांगेल. पुढे आजी लिहिते की थोरल्या वन्सं शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून मगच कढई ठेवीत आणि एकेक धान्य वेगळे भाजीत; आपण मात्र घाईने वातीच्या स्टोव्हवर भाजले, तेव्हा डाळ बाहेरून लाल झाली, आतून कच्ची राहिली आणि त्या मेतकुटाला महिनाभरात जाळी धरली. ही वन्संची आठवण आहे, पण ‘मंद आच’ या दोन शब्दांत जे मावत नाही तेही तिच्यात आले आहे. मी आज गॅसवर जाड बुडाची कढई ठेवून धान्य भाजते आणि डाळीचा दाणा फोडून आतला रंग पाहते, तो त्या राखेच्या उल्लेखामुळे.

मापांची शिस्त मी कमी लेखत नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी घरापासून दूर बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलींना केवढा आधार दिला, हे माझ्या आईने स्वतः अनुभवले आहे. आमच्या घरातल्या त्या प्रतीची पाने तेलाने पारदर्शक झाली आहेत. सासू-आई जवळ नसताना भात बिघडू नये, ही गरज खरी होती आणि ती त्या पुस्तकाने भागवली.

अलीकडे अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत आठवणी आणि पाककृती एकत्र गुंफलेली पुस्तके दिसतात. मी ती आवडीने विकत घेते, आणि त्यातल्या अनेकांनी माझी निराशाही होते. सुरुवातीला दोन पाने वाडा, आजीचे नऊवारी लुगडे आणि तुळशीवृंदावन येते. पुढची पाककृती मात्र अशी असते की ती नागपूरची म्हणा, ठाण्याची म्हणा, काही बिघडत नाही. माझी कसोटी साधी आहे. आठवण काढून टाकली तर पदार्थ करताना काही अडते का? अडत नसेल, तर ती आठवण त्या पाककृतीची नव्हे.

आजीच्या मऊ भाताच्या नोंदीत ‘मुळशीकडचा आंबेमोहोर, वाटीला चार वाट्या पाणी’ असे आहे आणि कंसात ‘हल्ली पूर्वीसारखा मिळत नाही’. या कंसापाशी मी पुष्कळ दिवस थांबले. आंबेमोहोर हा बुटक्या दाण्याचा, शिजल्यावर चिकट होणारा तांदूळ; मोहराच्या वासावरून त्याचे नाव पडले आणि आजाऱ्याच्या पेजेला, बाळाच्या पहिल्या भाताला पुण्यात तोच लागे. मुळशी खोऱ्यातली भाताची खाचरे टाटांच्या धरणाखाली जाणार म्हणून मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तरीही धरण झाले आणि खाचरे बुडाली. आजही त्याच्यासारखे दिसणारे परप्रांतातले तांदूळ याच नावाने विकले जातात, आणि चार वाट्या पाण्याचे माप त्यांना लागू पडेलच असे नाही. कोणत्या मातीतला तांदूळ, हे कळल्याशिवाय पाण्याचे माप कळत नाही, म्हणून पाककृतीत गावाचे नाव असावे असा माझा आग्रह आहे.

ही वही छापावी म्हणून मी एका प्रकाशकांना भेटले होते. त्यांनी ती प्रेमाने चाळली आणि माणसांचे उल्लेख एका प्रस्तावनेत गोळा करून पाककृती ‘स्वच्छ’ कराव्यात, असे सुचवले. मला ते मान्य करता आले नाही, कारण वन्संची राख प्रस्तावनेत नेली की कढईखाली काही उरत नाही.

या वहीत काय नाही, हेही टंकलेखन करताना जाणवत गेले. वाड्यात भांडी घासायला आणि दळण-कांडणाला नदीकाठच्या वस्तीतून एक मावशी येत असत. मेतकूट दळायला जात्यावर त्याच बसल्या होत्या, असे नोंदीत आहे. त्यांच्या घरी काय शिजत होते, याची मात्र एक ओळही नाही. पुण्यात छापल्या गेलेल्या बहुतेक ‘महाराष्ट्रीय’ पाकपुस्तकांतही ती ओळ नाही. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नविषयक इतिहासाचे आणि आठवणींचे संकलन प्रसिद्ध केले, आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. पंक्तीत आपण म्हणतो त्या श्लोकातल्या ‘पूर्णब्रह्मा’ला त्यांनी एका अक्षराने प्रश्न विचारला आहे. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाचे हे पुस्तक वाचताना माझी कसोटी आपोआप लागू पडते. उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या का कराव्या लागल्या, हे जातीने ठरवलेली वाटणी आणि टंचाई समजल्याशिवाय उमगत नाही. तिथे आठवण आणि कृती वेगळ्या काढताच येत नाहीत.

पुरानंतर वाड्यातली बिऱ्हाडे पांगली. कोणी पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात गेले, कोणी सहकारनगरात. आजी एकेका रविवारी बसने त्यांच्याकडे जाऊन विसरलेले पदार्थ विचारून येई. त्यामुळे वहीत पंचामृताच्या शेजारी घर क्रमांक आहे आणि कटाच्या आमटीखाली बसचा क्रमांक लिहिलेला आहे.

शेवटून तिसऱ्या पानावर ‘साखरांबा’ असा मथळा आहे. खाली लिहिले आहे, ‘समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू, सध्या गोखलेनगर. पाक किती तारी, विचारणे.’ त्यापुढे पान कोरे आहे. मला साखरांबा करता येतो, एकतारी पाकाचा. तरी टंकलिखित प्रतीत मी तो तिथे घातलेला नाही. मथळा, काकूंचा पत्ता आणि ‘विचारणे’ एवढेच उतरवून खालची जागा तशीच ठेवली आहे.