बिल्ल्यांवर माटोळी

शनिवार, रात्री

पाऊस दिवसभर धरून होता, मधे वीजही गेली, तरी हिरव्या बिल्ल्यांचे स्टिकर आज निघाले. पोकर या पत्त्यांच्या खेळात पैशांच्या जागी लावायच्या चिप्सना आईने आल्या दिवसापासून 'बिल्ले' म्हटलं आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.

पेटी स्वस्तातली, तीही कुणीतरी वापरून टाकलेली. पाच रंगांचे प्रत्येकी शंभर बिल्ले, कडेला फाशांची नक्षी आणि मधोमध 'लास वेगास' लिहिलेला चकचकीत सोनेरी स्टिकर. असल्या पेट्या 'क्ले कंपोझिट, ११.५ ग्रॅम' म्हणून विकतात. त्यात माती औषधालाही नसते. एबीएस प्लास्टिक असतं आणि वजन भरावं म्हणून पोटात धातूची चकती. गंमत अशी की खरे कॅसिनोतले मातीचे बिल्ले याहून हलके, साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमचे. माझा मावसभाऊ तारवटी आहे; त्याच्या क्रूझ जहाजावरच्या कॅसिनोतला एक डॉलरचा बिल्ला त्याने मला आणून दिला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो नऊ ग्रॅमच्या आसपास भरला. दोन मातीचे बिल्ले एकमेकांवर ठेवले की आवाज दबका येतो. माझे टणटणतात. पण तो एक बिल्ला मी कापसात गुंडाळून डबीत ठेवलाय आणि या पाचशेंवर मात्र वाट्टेल ते करते, म्हणून मला हेच जास्त आवडतात.

मातीच्या बिल्ल्यात मधलं चित्र साच्यात उष्णतेने आणि दाबाने बिल्ल्याबरोबरच बसवलेलं असतं, ते निघत नाही. माझ्याकडचं चित्र म्हणजे नुसता चिकटवलेला कागद. हेअर ड्रायरची गरम हवा जरा वेळ धरायची, टूथपिकने कड उचलायची आणि आडवं, सावकाश ओढायचं. घाई केली की वरचा सोनेरी पापुद्रा निघून येतो आणि खाली पांढरा चिकट थर राहतो. त्याला खोबरेल तेल. तेल मुरलं की अंगठ्याने चोळून गोंदाच्या वळ्या काढायच्या, मग भांड्यांच्या साबणाने धुवायचं, सुकवायचं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा, कारण तेलाचा अंश राहिला तर नवं लेबल धरत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र जवळसुद्धा आणू नये. त्यातल्या ॲसिटोनने एबीएस विरघळतं.

धुतलेले बिल्ले पंख्याखाली पंचावर मांडलेत. आई म्हणाली, "पापड घातल्यास काय गो?"

मंगळवार

फोंड्याहून सुटणाऱ्या बसला खिडकी मिळाली. संध्याकाळी परतताना मांडवीवरच्या कॅसिनोंच्या बोटी दिवे लावून उभ्या होत्या. धक्क्यावर पर्यटकांची रांग, छोट्या होड्या त्यांना नेऊन सोडतात.

१९७६ चा गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा. १९९२ च्या दुरुस्तीने त्याने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनांना वाट दिली, पुढे पाण्यावरच्या बोटींत टेबलावरच्या खेळांनाही. आणि फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना आत जायला बंदी. नदी आमची, दिवे आमच्या डोळ्यांत, आणि पत्ते पुण्या-मुंबईच्या लोकांनी पिसायचे. मला आत जायची हौस नाही, त्यामुळे तक्रारही नाही. बस थांबली की मी फक्त एकच विचार करते, त्या टेबलांवरच्या बिल्ल्यांची लेबलं कुणी आखली असतील? बिल्ल्याचा जीव तो काय, एवढ्याशा गोलात रंग, आकडा आणि ओळख बसवायची. बोट सोडल्यावर त्याची किंमत शून्य. माझ्या बिल्ल्याची किंमत आधीपासूनच शून्य, तेवढा माझा फायदा.

रविवार

आज चित्रं ठरली.

पहिला विचार सावंतवाडीच्या गंजिफ्याचा, म्हणजे तिथल्या जुन्या पत्त्यांचा होता. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, मिळून १२०. पानं गोल, हाताने रंगवून वर लाखेचा लेप दिलेली. आपल्या सीमेला लागून असलेल्या गावात गोलात चित्र बसवण्याची इतकी मुरलेली रीत असताना मी 'लास वेगास' का चिकटवून ठेवू? पण मत्स्य-कूर्म काढायला बसले तर २५ मिलिमीटरच्या लेबलात वराहाचं रानडुक्कर व्हायला लागलं. तो हात माझा नव्हे. गंजिफ्यातून एकच गोष्ट उचलली, कडेला जाड रंगाचं कडं आणि आत एकच ठसठशीत आकृती, बाकी मोकळं.

चित्रं मिळाली माटोळीत. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं-रानवेली बांधून जे छत करतात त्यातलं निम्मं सामान गोलच असतं. हिरव्यावर सुपारी, झाडावरची, सालीसकट. लालवर कवंडाळ, रानवेलीचं फळ; याहून लाल रानात दुसरं काय आहे? पांढऱ्यावर फोडलेला नारळ. काळ्यावर कांगलांचा, रानातल्या फळांचा घोस, काळ्या कड्याच्या आत त्याचा नारिंगी रंग असा पेटतो की मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. निळ्याचं घोडं अडलं. निळं फळ माटोळीत बांधलेलं मी तरी पाहिलेलं नाही. शेवटी त्यावर उंदीर काढला. गणपतीचाच आहे, कोण हरकत घेणार?

आकडे देवनागरीत. अमेरिकेत बहुतेक कॅसिनोंत लाल पाच डॉलरचा, हिरवा पंचविसाचा, काळा शंभराचा. मी हिरवा २५ आणि काळा १०० ठेवला, लाल मात्र ५०० केला आणि पांढरा १०००. घरातल्या खेळाला प्रत्येकाला पंचविसाचे ८, शंभराचे ८, पाचशेचे ४ आणि हजाराचे ७ दिले की बरोबर दहा हजार होतात. आठ माणसांना २१६ बिल्ले पुरतात. दोन्ही बाजू धरून ४३२ लेबलं, निळ्यांची वेगळी.

गुरुवार

म्हापशाच्या प्रेसमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने फाइल उघडून बघितली आणि विचारलं, "लोणच्याच्या बाटलीला लावायचं?" कवंडाळ विषारी असतं हे त्याला सांगितलं. तो दचकला.

काम असं सांगितलं, विनाइल स्टिकर, लेझर प्रिंट, वर मॅट लॅमिनेशन आणि हाफ कट. हाफ कटमध्ये वरचं लेबल कापलं जातं, खालचा कागद अखंड राहतो, एकेक सोलून काढता येतं. १२ बाय १८ इंचांच्या तीन शीटमध्ये सगळं बसलं. इंकजेटवर घरी छापता येतं, पण आमच्या हवेत ती शाई ओल्या बोटाने पसरते. आणि ग्लॉस नको म्हणजे नकोच. ट्यूबलाइट त्यात चमकते आणि आकडा वाचायला मान वाकडी करावी लागते.

बिल्ल्याच्या मधोमध लेबल बसतं त्या खळग्याचा व्यास व्हर्नियरने मोजून नेला होता, २६ मिलिमीटर. लेबल त्याहून एक मिलिमीटर कमी. तेवढी फट हवी, नाहीतर कड वर चढते आणि पावसाळ्यात तिथूनच लेबल उलगडायला लागतं.

शनिवार

लेबलं लावली. हे काम मला सगळ्यांत प्रिय आहे, त्यात कुणाची मदतही नको असते. लेबल चिमट्याने धरायचं, एक कड खळग्याला टेकवायची, बिल्ला फिरवून फट सगळीकडे सारखी आहे का बघायचं, मग मधून बाहेर अंगठा दाबत न्यायचा. दुसऱ्या बाजूचं लेबल लावताना दोन्ही चित्रं एकाच दिशेला उभी राहतील असं बघायचं. याची कुणालाही गरज नाही. बिल्ला टेबलावर आडवाच पडलेला असतो, मागची सुपारी उलटी आहे की सुलटी हे कोण तपासतंय? तरी फाशाच्या नक्षीवर खूण धरून मी प्रत्येक बिल्ला तसाच लावला. भाचा जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मावशी, तू बरी आहेस ना?"

पेटीतल्या काळ्या स्पंजवर बुरशीची पांढरी छटा आली होती. तो फेकून दिला. बिल्ले आता फरसाणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आहेत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पत्तेही कागदी नकोत म्हणून पूर्ण प्लास्टिकचे घेतले. कागदी कॅट चवथीपर्यंत मऊ पडतो.

चवथीनंतरचा बुधवार

मूळ घरी आरत्या झाल्या, जेवणं झाली आणि रात्री पडवीत चटई पसरली. दरवर्षी रमी आणि तीन पत्ती असते, यंदा बिल्ले बघून सगळे पोकरला तयार झाले. पैसे लावायचे नाहीत, हरणाऱ्याने सकाळी सगळ्यांचा चहा करायचा. मोठे काका पहिल्यांदा बिघडले, "पयशे नात जाल्यार कसलो खेळ?" पण हजाराचे सात नारळ पुढ्यात रचून झाल्यावर त्यांचा आवाज बदलला. माणूस बिल्ल्यांची चवड हाताशी आली की आपोआप श्रीमंतासारखा बसतो.

खरं भांडण रँकिंगवरून झालं. सिक्वेन्स म्हणजे ओळीने आलेली पानं, कलर म्हणजे सगळी एकाच चिन्हाची. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. पोकरमध्ये उलटं, पाच पानांचा कलर पाच पानांच्या सिक्वेन्सला मारतो. काकांकडे पाच ते नऊचा सिक्वेन्स होता, धाकट्या वहिनीकडे बदामचा कलर. वहिनीने कवंडाळांचा ढीग ओढून घेतला आणि काका म्हणाले, हा कुठला न्याय! पाच पानांत कलर जमणं सिक्वेन्सपेक्षा दुर्मीळ, तीन पानांत सिक्वेन्स दुर्मीळ, हे मी गणित मांडून सांगितलं. गणित त्यांनी ऐकून घेतलं, मानलं नाही. सकाळचा चहा त्यांनीच केला, आणि साखर मुद्दाम कमी घातली असा माझा संशय आहे.

बिल्ल्यांबद्दल कौतुकाचा शब्द कमी, चौकशा जास्त. काकींना खेळात रस नव्हता. त्यांनी उंदराचा निळा बिल्ला हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, हौजीच्या तिकिटावर आकडे झाकायला असे मिळतील का? त्यांच्या महिला मंडळात हौजी असते, तिथे अजून चिंचोके वापरतात आणि पंखा लावला की ते उडतात. मी म्हटलं, हे उडणार नाहीत, पण ३९ मिलिमीटरचा बिल्ला तिकिटाची निम्मी ओळ झाकेल. मग लहान करून दे, म्हणाल्या. बिल्ला लहान कसा करायचा, हे त्यांनी विचारलं नाही. मी मात्र काल रात्रीपासून बटणांच्या दुकानांचे भाव बघतेय. १५ मिलिमीटरचं सपाट बटण, एका बाजूला भोकं नसलेलं, मिळालं तर उंदीर त्यावर सहज बसेल.