तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या स्टेटसला बायबलचं वचन का नसतं?

हा प्रश्न आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक विचारतात तेव्हा सुरात काळजी असते. "ताई, प्रभूची साक्ष द्यायला लाजता का?"

लाजत नाही. काही वर्षं मी रोज सकाळी स्टेटसला वचन ठेवत होते. एका पहाटे स्तोत्र ४६ उघडलं. शांत व्हा आणि मी देव आहे हे ओळखा, असं दहाव्या ओवीत म्हटलंय. तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि फोन उचलला. पानावर हाताची सावली पडत होती म्हणून दिवा सरकवला. पेन्सिल तिरकी ठेवून पाहिली. सहावा फोटो मनासारखा आला. मग दिवसभर, कोणी कोणी पाहिलं ते बघत राहिले. रात्री एका मैत्रिणीने विचारलं, "या स्तोत्राचा शेवट काय आहे गं?" मला सांगता आलं नाही. स्तोत्रात अकराच ओव्या आहेत. पुढची एकच राहिली होती, आणि तीही मी वाचली नव्हती.

त्या रात्री फार रडू आलं.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने दोन्ही गोष्टी सांगितल्यात. मत्तय ५:१६ मध्ये, तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या. आणि पुढच्याच अध्यायात, प्रार्थना करताना खोलीत जा, दार लावून घ्या. मला पूर्वी यात विसंगती वाटायची. नीट वाचल्यावर कळलं, की पहिल्या ठिकाणी लोकांनी सत्कर्मं पाहायची आहेत आणि गौरव पित्याचा व्हायचा आहे. दुसऱ्या ठिकाणी लोकांनी मला पाहावं ही माझी भूक आहे. अशांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलंय, असं तिथे येशू म्हणतो. त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ते त्या काळी पैसे पूर्ण मिळाल्याच्या पावतीवर लिहीत. माझे लाईक म्हणजे तीच पावती होती. व्यवहार तिथेच मिटला, देवाकडून यायचं काही उरलंच नाही.

म्हणून माध्यमच वाईट, असं मी म्हणणार नाही. कार्लो अकुतिस हा मुलगा २००६ मध्ये, वयाच्या १५व्या वर्षी ल्युकेमियाने गेला. पवित्र साक्रामेंताशी, म्हणजे प्रभुभोजनाच्या भाकरीशी, जोडलेल्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने वेबसाईट केली होती. २०२५ मध्ये पोप लिओ यांनी त्याला संत घोषित केलं. मी कॅथलिक नाही, तरी त्याच्याबद्दल मला जिव्हाळा वाटतो. आपल्या कामातून तो स्वतःकडे बोट दाखवत नव्हता.

सिनेमा-गाण्यांचंही तसंच. अथेन्समध्ये प्रेषित पौल बोलला तेव्हा त्याने ग्रीक कवींच्याच ओळी घेतल्या (प्रेषितांची कृत्ये १७). त्या त्याने आधी ऐकल्या-वाचल्या असणारच. त्यामुळे न बघताच एखाद्या सिनेमावर बहिष्काराचा मेसेज आला, की मी तो पुढे पाठवत नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा फॉरवर्डलाही लागू आहे. "दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल" हे तर मला सहनच होत नाही. कृपा अशी वाटली जात नाही हो!

एक सवय मात्र मी मुद्दाम लावून घेतली आहे. कुणी आजारपणाचं लिहिलं, की पूर्वी मी खाली "प्रार्थना करते" लिहायची, हात जोडलेलं चित्र टाकायची आणि पुढे सरकायची. प्रार्थना राहूनच जायची. आता फोन पालथा ठेवते. त्या माणसाचं नाव घेते, दुखणं काय आहे ते देवाला सांगते. कधी दोन मिनिटं लागतात, कधी बराच वेळ. मग फोन सुलटा करून लिहिते, "प्रार्थना केली."